सलोतरीसाहेबांच्या हाताखाली

माझं लग्न ठरत नव्हतं, आणि त्याचं कारण माझा धंदा होता. वसमतला आमच्या घराण्याकडे देवळाची पूजा. वडिलांचा दिवस देवाच्या आंघोळीने सुरू व्हायचा आणि शेजारतीने संपायचा. अशा घरातला मुलगा मुंबईला जाऊन शिकून आला आणि झाला कोण, तर ढोरांचा डॉक्टर. एक स्थळ बोलणीपर्यंत आलं होतं. मुलीच्या बापाने चहाची कपबशी खाली ठेवत विचारलं, "मेलेली जनावरं फाडावी लागतात म्हणे?" वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "लागतात." कपबशीतला चहा तसाच राहिला आणि मंडळी उठून गेली.

त्याच महिन्यात माझी नेमणूक हिंगोलीला झाली. १९४०च्या आसपासची ही गोष्ट. वसमतहून गाडीत बसलो की हिंगोलीला उतरावंच लागे, कारण पूर्णेहून येणारा रूळ तिथेच संपत होता. जनावरांचा दवाखाना गावाच्या कडेला होता. दोन दगडी खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, अंगणात एक मोठं लिंबाचं झाड आणि त्याखाली बैल उभा करून बांधायचा लाकडी खोडा. दवाखान्याचे मुख्य उदगीरकडचे होते. जनावरांच्या वैद्याला आमच्याकडे जुने लोक सलोतरी म्हणत, म्हणून सगळा तालुका त्यांना सलोतरीसाहेब म्हणायचा. उंच, वाळक्या अंगाचे, दाढी बारीक कातरलेली. शेरवानी खुंटीला टांगलेली असायची आणि अंगात नेहमी बाह्या दुमडलेला सदरा. कचेरीत उर्दू बोलायचे आणि शेतकऱ्यांशी उदगीरची मराठी, जी मला माझ्या घरच्या मराठीपेक्षा गोड वाटायची.

मी पहिल्या दिवशी कोट घालून, प्रमाणपत्र हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी प्रमाणपत्राकडे पाहिलं नाही. जेवून आलात का, एवढं विचारलं. तेवढ्यात एक शेतकरी लंगडणारा बैल घेऊन अंगणात आला. साहेब त्याला म्हणाले, "हे नवे डॉक्टर. मुंबईहून शिकून आलेत. बैल यांना दाखवा." आणि स्वतः स्टूल उचलून लिंबाखाली जाऊन बसले.

मी कोट काढला, बैलाचा पाय उचलला, खूर तासून पाहिला. आत पू धरला होता. तो मोकळा केला, धुतलं, औषध भरलं, पट्टी बांधली. ते सगळं नीट झालं. शेतकऱ्याने काही शंका काढली तेव्हा त्याने सवयीने साहेबांकडे पाहिलं. साहेब जागेवरूनच म्हणाले, "डॉक्टर सांगतील तसं करा."

संध्याकाळी ते म्हणाले, चला, जरा पाय मोकळे करू. आम्ही कयाधू नदीच्या काठाने चालायला लागलो. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विषय काढला. "इलाज बराबर केला. हात हलका हाय तुमचा. पन त्या मानसाला तुमी काय काय इचारलं, याद हाय का?"

मी सांगितलं : कधीपासून लंगडतो, काय चारलं, कामाला जुंपला होता का, जुंपला तर किती.

"फौजदार असंच इचारतो," ते म्हणाले. "लंगडा बैल त्यानं जुंपला व्हता. ते का तो तुमाला सांगल? तुमी इचारलं तसा तो मिटला. मंग पुढचं सगळं अर्धं खोटं."

"मग कसं विचारायचं?"

"आधी बैलाचं नाव इचारा."

मला हसू आलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी मी एका म्हाताऱ्याला त्याच्या बैलाचं नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं. मग ते नाव कोणी ठेवलं ते सांगितलं, मग या बैलाची आई कशी होती ते, आणि त्या ओघात, मी न विचारता, बैलाने परवा ओली सरकी किती खाल्ली तेही सांगून टाकलं. मला हवं होतं ते एवढंच होतं.

साहेबांची रीत ही होती. चारचौघांत ते माझी चूक कधी काढत नसत, आणि चूक असली तर कयाधूच्या काठावर ती माफही करत नसत. त्या फिरण्याची मी वाटही पाहायचो आणि धास्तीही घ्यायचो. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस दिवसभर स्टुलावर बसून असतो, कामं सगळी मी करतो. पुढे ध्यानात आलं की माझ्या हातात चाकू असला की त्यांची नजर त्या चाकूवरून हलत नाही. दोनदा-तीनदा असं झालं की मी चुकीच्या जागी हात घालणार, तेवढ्यात ते नुसते उठून उभे राहिले. उभे राहिले एवढंच. मला कळायचं. शेतकऱ्याला काहीच कळायचं नाही.

बैलबाजाराच्या दिवशी ते मला रिकाम्या हाताने घेऊन जायचे. औषधांची पेटी दवाखान्यात ठेवायची आणि जनावराला हात लावायचा नाही, ही अट. दावणीला लागलेले लाल कंधारी, देवणी बैल, वऱ्हाडातून आलेले पांढरे बैल. त्यांच्यामधून आम्ही सावकाश हिंडायचो. कोणतं जनावर आजारी आहे, कोणतं उद्या आजारी पडेल, हे मी लांबून सांगायचं. मी म्हणालो, हात लावल्याशिवाय कसं कळणार. ते म्हणाले, "हात लावला की मानूस बघायचं सोडून देतो." कितीतरी बाजार असे गेले. मी कान बघायला शिकलो, रवंथ बघायला शिकलो, शेण बघायला शिकलो; घोळक्यात एकच बैल वाऱ्याकडे पाठ करून का उभा आहे, हे विचारायला शिकलो.

शनिवारी मी गाडीने घरी वसमतला जायचो. आईचा नियम कडक. परसातल्या विहिरीवर आंघोळ करायची, दवाखान्याचे कपडे गोठ्यातच ठेवायचे, मगच उंबरा ओलांडायचा. थंडीत ते जिवावर यायचं. एकदा मी साहेबांपुढे आईच्या सोवळ्याची तक्रार केली. शिकलेला माणूस, माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "आईच्या घरात आईचा कायदा. अन् ढोराचा हात धुऊन घरात या म्हनतात त्या, त्यात वाईट काय हाय? मी बी तेच म्हनतो." पुढच्या शनिवारी दवाखान्यामागे तट्ट्याचा आडोसा उभा होता आणि चुलीवर पाणी तापत होतं. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मी गाडीत बसलो. आईला हे कळलं. सोमवारी निघताना तिने माझ्याजवळ लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. साहेबांसाठी, असंही तोंडाने म्हणाली नाही. "दोघं खा," एवढंच म्हणाली.

माझ्या हातून पहिलं जनावर दगावलं तो हिवाळा मला स्पष्ट आठवतो. जवळच्याच खेड्यात एक म्हातारं जोडपं होतं, पोटी लेकरू नाही, एका म्हशीवर घर चाललेलं. म्हैस व्याली, पण गर्भाबरोबरची वार पडली नाही. मला बोलावलं तोवर आत सडायला लागलं होतं. मी रोज सायकलवर जात होतो. वार काढली, धुतलं, औषध दिलं. एक दिवस तिने कडबा तोंडात घेतला तेव्हा मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी निरोप आला की म्हैस गेली.

मी औषधाच्या बाटल्या पुसत बसलो होतो. साहेबांनी खुंटीवरची शेरवानी काढून अंगात घातली. ती ते मोठ्या साहेबांपुढे जायचं असलं की घालत. "चला," म्हणाले.

छकड्यात बसल्यावर मला कळलं आपण कुठे चाललो आहोत. मी म्हणालो, आता तिथे जाऊन काय करायचं, आता तर काहीच उरलं नाही.

म्हातारा ओट्यावर बसला होता. गोठा रिकामा होता आणि कोपऱ्यात पारडू उभं होतं. साहेब ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "म्हस गेली. आमच्या हातून वाचली न्हाई." त्यात 'उशिरा बोलावलं' नव्हतं, 'नशीब' नव्हतं, देवावरही काही ढकललेलं नव्हतं. मग ते ओट्यावरून हलले नाहीत. मीही त्यांच्याशेजारी टेकलो. थोड्या वेळाने म्हातारी आतून पाणी घेऊन आली आणि दाराशी बसून बोलायला लागली. म्हैस कुणाकडून आणली, पहिल्यांदा व्याली तेव्हा कशी बुजली, संध्याकाळी रानातून एकटीच घरी कशी यायची. बोलता बोलता तिचा आवाज सुटला, रडली, मग पदराने तोंड पुसून पारडाचं विचारलं. त्याला कुणाचं दूध पाजायचं, किती पाजायचं, ते मी तिला समजावून सांगितलं. निघताना म्हातारा मला म्हणाला, "तुमी रोज आले, सायेब. तेवढं तरी कोन येतं."

परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "जनावर मेलं त्या घरी जो जात न्हाई, त्यानं दुसऱ्याच्या गोठ्यात काहून जावं?" आणि पुढे बराच वेळ त्यांनी मला दुसऱ्याच कुठल्या तरी घोड्याची गोष्ट सांगितली, जी त्यांनी नक्कीच माझं मन रमवायला काढली असणार.

मी पुढे आयुष्यभर अशा घरांत गेलो. काही ठिकाणी शिव्याही खाल्ल्या.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग तो बैलबाजार आला. साहेब कळमनुरीकडे फिरतीवर गेले होते. बाजार भरत असतानाच मी नेहमीसारखा हिंडत होतो. नदीच्या बाजूला एका व्यापाऱ्याने वऱ्हाडाकडून आणलेले बैल बांधले होते. त्यातले दोन मान खाली घालून उभे. डोळ्यांतून पाणी गळून गालावर वाट पडलेली, लाळ लोंबत होती. व्यापारी म्हणाला, लाळ-खुरकत आहे, होईल बरी. तो रोग साधा, पण त्यात खुरांत फोड येतात. मी खूर पाहिले, स्वच्छ होते. तोंड उघडलं. हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा चिकटावा तसे ठिपके, आणि एक वास. मागे पातळ शेणाने शेपट्या भरलेल्या. पुस्तकात मी ती पानं पुष्कळ वेळा वाचली होती, पण प्रत्यक्षात रोग पाहिला नव्हता. बुळकांडी. गावंच्या गावं रिकामी करणारा रोग, आणि माझ्याभोवती सगळ्या तालुक्याची जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून पाणी पीत होती.

मी चपराशाला साहेबांकडे धाडलं आणि बाजाराच्या ठेकेदाराला सांगितलं की बाजार बंद करा, एकही जनावर विकू नका, बाहेरगावची जनावरं वेगळी बांधा. तो माझ्याकडे बघतच राहिला. नंतर हसला. थोड्याच वेळात चार-पाच मोठे जमीनदार गोळा झाले. वर्षाचे बैल घ्यायचे दिवस, पेरणी तोंडावर, आणि हे कालचं पोरगं बाजार बंद करतंय. प्रकरण तहसीलदारांपर्यंत गेलं आणि मला कचेरीत बोलावणं आलं.

मी कचेरीच्या पायऱ्यांशी पोहोचलो तेव्हा साहेबांची घोडी धुळीने भरून तिथे उभी होती. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"काय पाह्यलं?"

मी सांगितलं. खूर, तोंड, डोळे, शेण, वास.

"हिरड्यांवरचं बोटानं निघतं का?"

"निघतं. खाली लाल जखम राहते."

त्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. "चला. आत तुमीच बोला."

मी तहसीलदारांना सगळं सांगितलं. माझी उर्दू मधेमधे अडखळत होती. साहेबांनी एकही शब्द पुरवला नाही. ठेकेदार आणि जमीनदार मागे उभे होते. तहसीलदारांनी ऐकून घेतलं आणि साहेबांकडे वळून विचारलं, "आपने खुद देखा है?"

"जी नहीं," साहेब म्हणाले. "इन्होंने देखा है. मेरे लिए उतना काफ़ी है."

तहसीलदारांनी हुकूम काढला. संध्याकाळच्या आत शिपाई बसले, बाजार मोडला आणि वऱ्हाडचा कळप नदीपलीकडे अडकवून ठेवला.

त्यानंतर साहेब त्या बैलांपाशी गेले. मी त्यांच्यामागे उभा होतो. त्यांनी एकेका बैलाचं तोंड उघडून पाहिलं, सावकाश, जणू घाई कसलीच नाही. खूर पाहिले. नदीवर जाऊन राख लावून कोपरापर्यंत हात धुतले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बराबर."

मी त्यांना विचारलं, माझं चुकलं असतं तर?

"तर माझं चुकलं असतं," ते म्हणाले. "दवाखाना माझा हाय. बराबर निघालं, ते तुमचं."

पुढचे आठवडे धावपळीत गेले. गाडीने लस आली, हैदराबादहून आणखी माणसं आली. नरसीकडची, कुरुंद्याकडची, वसमतच्या वाटेवरची गावं आम्ही वाटून घेतली. टोचलं की जनावर मरतं अशी आवई उठली होती. कुरुंद्याला लोकांनी गोठ्यांची दारं लावून घेतली. तिथे साहेबांनी मला पुढे केलं आणि मी आधी प्रत्येकाच्या बैलाचं नाव विचारत बसलो. टोचायला दुपार झाली, पण दारं उघडली. वसमतला देवळाच्या गाईला टोचायची वेळ आली तेव्हा वडिलांनी स्वतः तिचं दावं धरलं. माझा हात तिच्या मानेवर होता आणि वडिलांचा हात माझ्या हाताशेजारी. ते मला म्हणाले, "तिला दुखलं का रे?" मी म्हणालो, थोडंसं. रात्री घरी मात्र त्यांनी मला विहिरीवर पाठवलंच.

नुकसान झालं नाही असं नाही. नदीकाठच्या तीन-चार गावांत बरीच जनावरं गेली आणि त्या घरांच्या ओट्यांवर आम्ही बसलो. पण रोग तालुक्यात पसरला नाही. हैदराबादहून बडे साहेब पाहणीला आले. सलोतरीसाहेबांनी शेरवानी घातली, त्यांना सलाम केला आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, रोग यांनी ओळखला, यांना विचारा. नंतर पूर्ण पाहणीभर ते लिंबाखाली स्टुलावर बसून होते.

त्याच पाहणीतून माझी वसमतला बदली झाली. दवाखान्याचा मुख्य म्हणून. शिफारस त्यांचीच होती हे मला कारकुनाकडून कळलं. मला राग आला. मी जाऊन म्हणालो, मला अजून शिकायचं आहे, मला इथेच राहू द्या.

ते घोडीच्या खुराची माती काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी आता इलाज करताना माझ्याकडं बघून राहिले. माझं तोंड कसं दिसतं, त्यावरून दवा ठरवता. जनावराकडं कवा बघणार?"

ते खरं होतं. मी वसमतला गेलो. पहिले काही महिने, कठीण जनावर आलं की मान आपोआप अंगणाकडे वळायची. तिथे कोणी बसलेलं नसायचं. मग ती सवय गेली. माझं लग्नही त्याच वर्षी झालं. सासरे कुरुंद्याकडचे होते आणि त्यांच्या गोठ्यातले बैल मी टोचले होते.

साहेब निवृत्त होऊन उदगीरला गेले. मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षात काय काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. दोन्हीकडच्या माणसांनी दोन्हीकडचं सोसलं. निजामाचं राज्य गेलं, आणि त्या दिवसांत उदगीरकडून मुसलमान घरांच्या वाईट बातम्या येत होत्या. रस्ते सुरू झाल्याबरोबर मी निघालो. आईने बरणी बांधून दिली.

त्यांच्या गल्लीत बऱ्याच दारांना कुलपं होती. त्यांचं दार उघडं होतं. ते अंगणात खाटेवर बसलेले दिसले. खूप वाळले होते. त्यांनी मला पाहिलं, उठून उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, जेवून आलात का. त्या महिन्यांबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शेजारच्या कुणब्याने त्यांना काही दिवस आपल्या घरात ठेवलं होतं, एवढं त्यांच्या बीबींनी जेवण वाढताना सांगितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी वसमतच्या दवाखान्याचं विचारलं. मी त्यांना एका घोडीबद्दल सांगितलं. पोटशुळाने लोळत होती आणि मी नेहमीचा जुलाब न देता तिला तेलकट पेज पाजून दुपारभर चालवत ठेवली होती.

"जुलाब दिला न्हाई?" त्यांनी खाटेवर सरळ होऊन विचारलं.

"नाही."

"गलत केलं. मी असतो तर दिला असता."

मी म्हणालो, तिचं आतडं आधीच खवळलेलं होतं, जुलाबाने फाटलं असतं. ते म्हणाले, फाटत नाही. मी म्हणालो, मुंबईला मी तसं फाटलेलं पाहिलं आहे. त्यांनी आपल्या तरुणपणच्या एका पलटणीच्या घोड्याचा दाखला दिला. मी म्हणालो, तो घोडा तरुण होता, ही घोडी म्हातारी आहे. बीबी दारातून आमच्याकडे पाहत होत्या. त्यांना वाटलं असावं, हा वसमतहून भांडायला आला की काय. चहा आला, तो थंड झाला, पुन्हा आला. त्यांच्या गालांवर रंग आला होता. मी हटलो नाही. तेही हटले नाहीत.

उन्हं कलल्यावर ते मला मोटारीच्या अड्ड्यापर्यंत सोडायला आले. काठी टेकत, मधेमधे थांबत. मी गाडीत बसलो, गाडी सुरू झाली, तेव्हा ते खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता काही निरोपाचं बोलतील.

"घोडी हाय का जिती?" त्यांनी विचारलं.

"आहे. टांग्याला जुंपतात."

"तरी बी," ते म्हणाले, "मी जुलाबच दिला असता." आणि गाडी हलली तसे ते काठी टेकत परत फिरले.